बावीस मिनिटं चाळीस सेकंद

देवमन दर्यापूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, किती वाजता सुटणार, हे सत्तावीस वर्षं माईकवरून सांगितलेला माणूस घरी आला म्हणून गप्प बसतो होय? पोरांनाही त्यांनी गाड्यांचीच नावं दिली. थोरला अनुप, तो 'विनाथांबा'. धाकटी दीपमाला, ती 'मुक्कामी'. मुक्कामी गाडी म्हणजे दर फाट्यावर थांबत थांबत शेवटच्या खेड्यात पोचणारी आणि रात्रभर तिथेच उभी राहणारी. अनुप दोन मिनिटांत दप्तर भरून दारात, आणि दीपमाला आत अजून रिबीन शोधतेय. "आली काय वं मुक्कामी?" बाप विचारायचा आणि सगळं घर हसायचं. दीपमालाही हसायची. शिवी असती तर भांडून परत देता आली असती, लाडाच्या नावाशी कोण भांडणार.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात देवमन अमरावतीहून टीव्हीवर खेळायचा गेम घेऊन आले. एक करडं खोकं, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवरचा कागद निघालेला, त्यामुळे गेमचं खरं नाव काय ते कोणालाच कळलं नाही. एक बुटका माणूस छत्री उघडून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारतो, मधल्या फटीत पडला की मेला, आणि आठव्या स्टेजला हा एवढा खेकडा येतो. गल्लीनं नाव ठेवलं छत्रीवाला. त्याचं पिपाणीचं गाणं दिवसभर वाजायचं. शेजारची म्हातारी भांडी घासताना तेच गुणगुणायची.

देवमन मनगटावरचं घड्याळ काढून वेळ लावायचे. अनुप अठ्ठावीस मिनिटांत खेकडा मारायचा. मग दीपमालेची पाळी. ती पाचव्या स्टेजला पोचायची तोवर जेवणाची वेळ व्हायची आणि आई बटण बंद करायची. ती शेवटपर्यंत पोचली असती की नाही, हे कोणी कधी पाहिलंच नाही.

ही झाली तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता दीपमाला बेचाळीस वर्षांची आहे. लग्न झालं, चार वर्षांत मोडलं. त्याबद्दल ती बोलत नाही, आपणही बोलू नये. अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या मागे दोन खोल्यांत ती बापाला घेऊन राहते आणि एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर डाटा एंट्री करते. सतरा वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी नवं कंत्राट. कायम कारकुनाची परीक्षा तिनं एकदाच दिली होती, बाविसाव्या वर्षी. लेखीत पास झाली. टायपिंगला मिनिटाला तीस शब्द हवे होते, तिचे अठ्ठावीस भरले. घरी आल्यावर देवमन म्हणाले, "जाऊ दे, मुक्कामी गाडी हाय, तिचा काय दोष." त्यानंतर वीस वर्षं तिनं फॉर्म भरला नाही. कार्यालयातले लोक आपले कागद तिच्या टेबलावर ढकलून म्हणायचे, मॅडम, तुमचा हात काय चालतो. तिला वाटायचं, टोमणा मारून राहिले.

यंदा जानेवारीत कुणकुण लागली की कारकुनांची जाहिरात निघणार. वयाची अट त्रेचाळीस. दीपमालेला सप्टेंबरात त्रेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे भरायचा तर हाच फॉर्म, पुढचा नाही.

त्याच आठवड्यात डबा खाताना मोबाईल चाळता चाळता तिला छत्रीवाला दिसला. तोच बुटका, त्याच गच्च्या. पण बाजूला एक घड्याळ पळत होतं आणि खेळणारा कुठे म्हणजे कुठे थांबत नव्हता. घास तोंडातच ठेवून तिनं अकोल्याला भावाला फोन लावला.

"दादा, आपला छत्रीवाला! लोक टाइम लावून खेळून राहिले."

"स्पीडरन म्हणतात त्याले," अनुप म्हणाला. मग जरा थांबून, "मी तीन वर्षांपासून खेळून राहिलो. भारतात पहिला नंबर हाय माहा. एकोणीस मिनिटं सव्वीस सेकंद."

तीन वर्षं भाऊ छत्रीवाला खेळतो आणि आपल्याला पत्ता नाही, हे दीपमालेला लागलं. पण तो समजावून सांगायला लागला आणि ती ते विसरली. पहिलं बटण दाबलं की घड्याळ सुरू, खेकडा मेला की बंद. नाणी गोळा करत बसायचं नाही, फक्त संपवायचं. एकेक स्टेज शंभर-दोनशे वेळा घोकायची. कुठे छत्री उघडायची, कुठे उघडायचीच नाही, कुठे मुद्दाम मार खायचा म्हणजे त्या धक्क्यानं चार पावलं पुढे फेकले जातो. मग व्हिडिओ पाठवायचा, तिकडचे लोक तो तपासतात आणि यादीत नाव लावतात. जगात पहिला कोणी परदेशातला होता, सतरा मिनिटं पाच सेकंद.

"मले शिकव न, दादा," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "शिकवतो न," अनुप म्हणाला.

आणि खरंच, पुढच्या रविवारी तो स्वतः अमरावतीला आला. पिशवीतून त्यानं करडं खोकं काढलं, मग पिवळी कॅसेट. दर्यापूरचं घर सोडताना हे सगळं त्याच्याकडे गेलं होतं. "नवीन घ्यायची काही गरज नाई तुले," तो म्हणाला. "असलीची मजा असलीतच येते." त्यानं वायरी जोडल्या, देवमनच्या जुन्या डब्बा टीव्हीवर छत्रीवाला उभा राहिला, पिपाणी वाजायला लागली आणि दीपमालेचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत भावानं तिच्यासाठी पिशवीत घालून काही आणलं नव्हतं.

एक गोष्ट तिच्या कानाला खटकली होती, ती तिनं विचारली. "व्हिडिओत गाणं भल्लं फास्ट वाजते, दादा. आपलं तं हळू हाय."

"थे लोक व्हिडिओ पळवून टाकतात, फाइल लहान होते," अनुप म्हणाला. "तू पाहूच नको थे, हात बिघडते."

सरकारी खात्यातला इंजिनियर माणूस, त्यात थोरला भाऊ. तिच्यापुरता विषय तिथे संपला.

निघताना तो दारात बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा तिनं मनातलं सांगितलं. "दादा, वीस मिनिटांच्या आत आली तं मी टायपिंगचा फॉर्म भरीन. कारकुनाचा. शेवटचा चान्स हाय माहा."

"भर न," तो मान वर न करता म्हणाला. "पण पहिले वीसच्या आत येऊन दाखव. विसाच्या वर असलं तं तिकडे पाठवायचंच नाई, हसतात लोक. मले पाठवत जा, मी सांगतो."

हसू नका. माणूस स्वतःच्या मनाशी कशाच्याही अटी घालतो. कोणी म्हणतं हा सिग्नल हिरवा मिळाला तर काम होणार, कोणी चप्पल उलटी पडली म्हणून गावाला जात नाही. दीपमालेची अट त्यांच्यापेक्षा शहाणी होती. तिला फॉर्म भरायच्या आधी एवढंच पाहायचं होतं की आपला हात खरोखर हळू आहे की नाही. तेही घड्याळ लावून, कोणाच्या तोंडून नाही.

पहाटे पाचला उठून ती बसायची. नळ सहाला यायचा, सव्वासहाला क्लासची पोरं गाड्या लावायला लागायची, त्याच्या आत तास-सव्वा तास मिळायचा. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर लोणच्याची बरणी, बरणीला रबरानं बांधलेला मोबाईल. देवमन पांघरुणातून विचारायचे, "कुठपर्यंत आली गाडी?" आणि ती सांगायची, तिसरी गच्ची. पहिल्यांदा एकतीस मिनिटं लागली. फेब्रुवारी लागता लागता पंचवीस. चौथ्या स्टेजला दोन गच्च्यांमधली फट छत्री न उघडता निसटत्या उडीनं ओलांडता येते, हे तिचं तिलाच सापडलं. त्या एका उडीसाठी ती अकरा दिवस मेली. अंगठ्याला फोड आले, ते फुटले, तिथे कातडी जाड झाली. कार्यालयात की-बोर्डवर बोटं ठेवली की ती आपोआप पुढे धावायची, आणि तिला वाटायचं, ही सवय खेळाची आहे, कामाची नाही.

दर आठवड्याला व्हिडिओ अनुपला. त्याचं उत्तर दोन ओळींचं. "बरं हाय. चौथ्यात हात ढिला पडते." नाहीतर, "सहाव्यात उगा थांबतं तू." ती पुन्हा पाहायची. कुठे थांबली ते दिसायचं नाही, पण दादानं पाहिलंय म्हणजे थांबलीच असणार.

मार्चच्या एका मंगळवारी सगळं जुळून आलं. आठही स्टेज, एक म्हणून चूक नाही. खेकडा पाण्यात गेला तेव्हा मोबाईलवर आकडा होता बावीस मिनिटं चाळीस सेकंद. दीपमालेनं बापाला उठवून दाखवलं. देवमन चष्मा लावून म्हणाले, "सुधरली का गाडी." तिनं व्हिडिओ पाठवला, आणि दिवसभर कार्यालयात दर दहा मिनिटांनी मोबाईल पाहिला. अनुपचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "भारी. पण अजून पावणेतीन मिनिटं काढा लागतात. तेवढं तुह्याच्यानं होते की नाई, पाह्य." खाली आणखी एक ओळ होती. "व्हिडिओ माह्याजवळ हाय. तू काढून टाक, नाईतं फोन हँग होईन." तिनं काढून टाकला.

मग ती अडकली. एखादी चूक झाली की बावीस एक्कावन्न, तेवीस पाच. चूक झाली नाही की बावीस चव्वेचाळीस. पावणेतीन मिनिटं काढायची तर कुठून काढायची? सगळ्या उड्या ती घेत होती, कुठेच थांबत नव्हती. छत्रीवाला जेवढा पळतो तेवढाच पळणार. तरी होत नव्हतं. याचा तिला एकच अर्थ कळत होता, आणि तो अर्थ लहानपणापासून तिच्या ओळखीचा होता.

जाहिरात आली. फॉर्मची शेवटची तारीख अकरा एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत. त्या दिवशी ती पाचलाच राजापेठेतल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाऊन बसली. नाव भरलं, जात भरली, फोटो चढवला, सही चढवली. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. पहाटेचा आकडा बावीस शेहेचाळीस होता. पुन्हा अठ्ठावीस शब्द, पुन्हा घरी येऊन बापाचं तोंड पाहायचं, या वयात. सहाला पाच कमी असताना ती उठली. दुकानातली पोरगी म्हणाली, "मॅडम, सबमिट?" दीपमाला म्हणाली, "राहू दे."

वीस दिवसांनी वैशाख पौर्णिमा आली. बुद्धजयंतीला देवमनला पोराकडे जायचं असतं. बापलेक सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेले. तिथे ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. अनुपचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सकाळी विहारात जाऊन आले, वंदना झाली, दुपारी देवमन हॉलमधल्या दिवाणावर कुलरसमोर आडवे झाले. स्वयंपाकघरात दीपमाला खीर हलवत होती आणि पायलवहिनी वेलदोडे सोलत होती.

तेवढ्यात हॉलमधून पिपाणी वाजली. छत्रीवाल्याचं गाणं. पण पळतं.

दीपमालेचा हात थांबला. व्हिडिओ लावला असेल म्हणून ती दारापर्यंत गेली. अनुप पाटावर बसला होता, हातात रिमोट, समोर मोठा टीव्ही. व्हिडिओ नव्हता. तो बटण दाबत होता आणि छत्रीवाला उडी घेत होता. समोर, खराखुरा, आणि भराभरा.

"हे फास्ट काहून वाजून राहिलं?" तिनं विचारलं.

अनुपनं खेळ थांबवला. तो काही बोलायच्या आत तिच्या मागून पायल म्हणाली, "बाहेरच्या देशातली मशीन हाय न ताई थे. आपल्या इकडची हळू चालते म्हणे. तुमाले माहीत नाई? मार्चमंधी तुमचा व्हिडिओ आला तं ह्याईनं हिशोब केला, आन् दोन दिवस धड जेवले नाई. म्हणे, दीपी माह्या पुढं गेली." तिला वाटत होतं ती नणंदेचं कौतुक सांगतेय.

दीपमालेनं भावाकडे पाहिलं. "कायचा हिशोब?"

त्याला सांगावं लागलं. टीव्हीकडे बघतच सांगितलं त्यानं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीसाठी बनलेली मशीन सेकंदाला पन्नास ठोके घेते, बाहेरची साठ. खेळ ठोक्यांवर चालतो. म्हणजे बाहेरच्या मशीनवर जे पन्नास मिनिटांत होतं त्याला आपल्या मशीनवर साठ लागतात. माणूस तोच, बोटं तीच, उड्या त्याच. छत्रीवालाच हळू पळतो, गाणंही हळू वाजतं. दोन्ही मशीनच्या याद्या वेगळ्या असतात. तिकडच्या लोकांनी तिचा व्हिडिओ एक मिनिट पाहिला असता तरी ओळखलं असतं.

"म्हणून पाठवू नको म्हणे तू," दीपमाला म्हणाली.

तिनं मोबाईल काढला. रोज आठ तास आकडे भरणारी बाई ती, तिला कितीसा वेळ लागणार. बावीस चाळीस म्हणजे तेराशे साठ सेकंद. त्याचे सहा भाग, त्यातले पाच. अठरा मिनिटं त्रेपन्न सेकंद. भावाचा भारतात पहिला नंबर एकोणीस सव्वीसचा. मग तिनं उलटा हिशोब केला. जगात पहिला आलेला तो सतरा पाचवाला दीपमालेच्या घरी, स्टुलासमोर, त्या करड्या खोक्यावर खेळला असता, तर त्यालाही साडेवीस मिनिटं लागली असती. वीसच्या आत येणं त्या मशीनवर माणसाच्या हातात नव्हतंच. आणि हे तिला वीसच्या आत ये म्हणणाऱ्याला ठाऊक होतं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. तलवारीनं कापला असता तर निदान समोरून कळलं असतं. इथे भाऊ घरी आला, पिशवीतून बालपण काढून दिलं, बहिणीच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि वायरी जोडून गेला.

"तूच आणून देल्ली थे मशीन," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण दिवाणावर देवमन उठून बसले. "मी विचारलं होतं गाणं हळू काहून हाय. तू म्हणे थे व्हिडिओ पळवतात."

"मले वाटलं तू आठ दिवसांत सोडून देशीन," अनुप म्हणाला. "मंग तू सोडेच ना. मंग सांगाले उशीर झाला."

"मार्चमंधी उशीर झाला नव्हता. फॉर्मची तारीख अकरा एप्रिल होती."

"खेळाच्या भरोशावर कोणी फॉर्म भरते काय वं?" तो एकदम उसळला. मग खाली बघून म्हणाला, "आन् एवढी एकच गोष्ट होती माह्याजवळ."

एकच. दीपमालेनं त्या फ्लॅटकडे पाहिलं, त्याच्या पेन्शनीच्या नोकरीकडे पाहिलं, बापानं ठेवलेल्या त्याच्या नावाकडे पाहिलं. मिनिटांचीही वाटणी असते का? असते, तर तिच्या वाट्याला काय आलं होतं, सांगा बरं. तिला रडू येत नव्हतं. चार महिने पहाटे उठून आपण स्वतःला शिव्या दिल्या, ढिली, मंद, मुक्कामी, त्या सगळ्या आता तोंडात परत आल्यासारख्या झाल्या होत्या.

देवमननी हात वर केला. "बस झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. खेळ होता थो."

"बाबा, मी फॉर्म नाई भरला," ती म्हणाली. "दुकानात जाऊन बसली होती. सबमिट नाई केला."

देवमनला हे माहीत नव्हतं. ते कुलरकडे पाहत राहिले.

"माहा व्हिडिओ दे," दीपमाला भावाला म्हणाली. "बावीस चाळीसचा. मी पाठवते, हळूच्या यादीत तं हळूच्या यादीत."

अनुप रिमोटची वायर बोटाला गुंडाळत होता.

"दे न."

"नाई राहिला तो."

"काहून?" हे पायलनं विचारलं. तिच्या हातातले वेलदोडे तसेच होते.

"जागा नव्हती फोनमंधी," अनुप म्हणाला, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीतल्या चौघांनाही कळलं. पायल स्वयंपाकघरात निघून गेली.

थोड्या वेळानं अनुपनंच रिमोट पुढे केला. "बस इथं. आता खेळ. मी रेकॉर्ड करतो, आजच्या आज पाठवतो तुह्या नावानं. सगळ्याईले सांगतो, माही बहीण हाय म्हणून." तो मनापासून बोलत होता. निदान त्या क्षणी तरी.

दीपमाला पाटावर बसली. बटण दाबलं. छत्रीवाला पळाला, आणि पहिल्याच फटीत पडला. तिनं पुन्हा दाबलं. आता ती लवकर उडाली, छत्री उशिरा उघडली, पुन्हा फट. चार महिने तिच्या अंगठ्यानं त्या हळू मशीनचे ठोके पाठ केले होते, रक्तात मुरवले होते. इथे तिच्या उडीच्या वेळेला छत्रीवाला आधीच पुढे गेलेला असायचा. चौथ्या स्टेजची तिची ती उडी तर दूरच, ती पहिल्या स्टेजची तिसरी गच्ची ओलांडू शकली नाही. सहा वेळा पडली. गाणं पळत होतं आणि ती त्याच्या मागे राहिली होती, जिला मागे राहणारी म्हणूनच घरात ओळखत होते.

"होते, होते," मागून अनुप म्हणाला. "सवय लागाले वेळ लागते."

तिनं वळून पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला होता. सकाळपासून, कदाचित मार्चपासून, जे ओढून धरलं होतं ते सुटलं होतं. तिला पडताना पाहून त्याला बरं वाटलं होतं, आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं. आपण इतका वेळ इथे भांडतोय ते काय, खरं उत्तर हे आहे, असं तिला वाटलं.

तिनं रिमोट पाटावर ठेवला. आत जाऊन खिरीखालचा गॅस बंद केला, पर्स घेतली, पायलच्या खांद्याला हात लावला. बाहेर येऊन बापाला म्हणाली, "बाबा, तुमी राहा दोन दिवस. मी जाते."

"उन्हाचं कुठं चालली?" देवमन म्हणाले.

अनुप दारापर्यंत मागे आला. "दीपे, असं करू नको न. हे मशीनच घेऊन जा तू. दोन महिने घरी सवय कर, माह्या पुढं जाशीन, मीच म्हणतो."

"आन् फॉर्म?"

"फॉर्मचं काय एवढं. पुढच्या साली निघते न पुन्हा जाहिरात. तवा भरशीन."

दीपमाला चपलेत पाय घालत होती, ती थांबली. हा माणूस सेकंदावर जगतो. एकोणीस सव्वीसमधले सव्वीस त्यानं तीन वर्षं जिवापाड जपले होते.

"दादा, मी किती वर्षांची हाय?"

अनुपनं मनातल्या मनात वर्षं मोजली. "अडतीस," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "एकोणचाळीस असशीन."

ती जिना उतरायला लागली.

"बेचाळीस," आतून दिवाणावरून देवमन म्हणाले. पण ते अनुपलाच ऐकू गेलं.